कादंबरीकाराच्या घरातली चूल

जुन्नरच्या पेठेतलं आमचं घर पाडलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा होता: थोर कादंबरीकाराचं घर जमीनदोस्त. फोटोत तुटका जिना होता, धूळ होती आणि कोपऱ्यात माझ्या आईचा एक पाय आला होता. फक्त पाय. बातमी मी पुन्हा पुन्हा वाचली. घराचे खांब सागवानी होते हे त्यात होतं, वरच्या दोन खोल्यांत कादंबऱ्या लिहिल्या गेल्या हे होतं, मराठी मन कसं हळहळलं हेही होतं. त्या घरात कुणी राहत होतं याचा मात्र मागमूस नव्हता. तो पेपर मी चुलीत घातला असता, पण त्या दिवशी आमच्याकडे चूलच राहिली नव्हती.

मला अजून राग येतो आणि जे सांगायचं ते मी रागातच सांगणार आहे. कुणाला तोंडाळ म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

घर दुमजली होतं. मालक बोरीकडचा बागायतदार, ऊस आणि द्राक्षं, तो स्वतः मळ्यात राहायचा. वडील मी लहान असतानाच गेले, तेव्हापासून खालच्या मजल्यावर आईची खानावळ होती. एसटीचे कंडक्टर-ड्रायव्हर, घरापासून लांब बदली झालेले मास्तर, कारखान्यातले क्लार्क असे सगळे एकटे बाप्ये आमच्याकडे जेवायचे. आई आंबेगावच्या डोंगरपट्ट्यातली. तिचं माहेर धरणाच्या पाण्याखाली गेलं होतं, त्यामुळे रुसून जायलाही तिला दुसरी जागा नव्हती. या पेठेतल्या या चुलीवर तिने मला वाढवलं, शिकवलं. ही चूल सुटली तर आपण रस्त्यावर, हे मला कळायला लागल्यापासून मला ठाऊक होतं.

वरच्या दोन खोल्यांत ते कादंबरीकार राहायचे. सगळ्या महाराष्ट्राला ते थोर होते, आम्ही त्यांना नुसतं ‘वरचे’ म्हणायचो. वरचे स्वभावाने जमदग्नी. खाली भांडी वाजली, की ते काठीने जमीन ठोकायचे. आई मुसळ उचलून खालून तख्तपोशीला ठोसे द्यायची. वरून काठी, खालून मुसळ, आणि मधल्या मधे माती आमच्या आमटीत पडायची. एकदा आमटीत मीठ जास्त पडलं म्हणून त्यांनी भरलेलं ताट जिन्यावरून खाली भिरकावलं. ते हात धुवायला आलेल्या एका कंडक्टरच्या कपाळावर बसलं. कंडक्टर रक्ताळलेल्या चेहऱ्यानेच वर गेला आणि त्याने मराठी साहित्याची कॉलर धरली. दोघं जिन्यात गुंतले. आईने खालून जाऊन पळीने दोघांनाही सारखंच बडवलं, मग कंडक्टरच्या कपाळावर हळद दाबली आणि वर दुसरं ताट पाठवलं. वरच्यांनी ते मुकाट्याने खाल्लं. दुसऱ्या दिवशी पुन्हा काठी सुरू झाली.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी ते आजारी होऊन पुण्याला गेले आणि तिकडेच वारले. त्यानंतर त्यांची सगळ्यात गाजलेली कादंबरी मी वाचली. तिच्यात एक खानावळवाली आहे. विधवा, सोशिक, सदा मान खाली, डोळ्यांत पाणी. कुणी टाकून बोललं, की ती पदराचं टोक तोंडात धरते. वाचता वाचता मला इतका संताप आला, की पुस्तक भिंतीवर फेकलं. ज्या बाईने या माणसाला पळीने बडवलं होतं, तिला त्याने कागदावर असं मुकं करून ठेवलं होतं! आईला मी तो भाग वाचून दाखवला. ती म्हणाली, “येवढी गरीब बाई? आन मग गिऱ्हाईकाकडनं पैसं कोन घेत व्हतं?”

पुढे वाचक यायला लागले. लेण्याद्रीचा गणपती करून झाला, की गाड्या पेठेत वळायच्या. माणसं जिना बघायची, वरच्या खोलीच्या कुलपाला हात लावायची, मग खानावळीत डोकावून कुजबुजायची, “याच का त्या?” आई तेव्हा कुणाच्या तरी नावाने शंख करत असायची. माणसं हिरमुसून बाहेर पडायची.

दोन हजार सालानंतर गावात एक साहित्यप्रेमी मंडळ निघालं. मंडळी भली होती, आणि भल्या माणसांनी केलेलं नुकसान निस्तरता येत नाही, कारण कुणाला शिव्या द्यायची सोय राहत नाही. मी तरी दिल्या. मंडळाने घरावर संगमरवरी फलक लावायचं ठरवलं. रस्त्यात मांडव घातला, पुण्याहून पाहुणे बोलावले. आपल्याकडे कुणाकडून काही काढून घ्यायचं असलं, की आधी त्याचा सत्कार करतात. तसा घरमालकाचा सत्कार ठेवला होता. फेटा, शाल, नारळ. मालक इस्त्रीचं धोतर नेसून बायको आणि पुतण्यासकट आला आणि पहिल्या खुर्चीवर बसला. जेवण आमच्याकडे होतं. आईने सकाळपासून मासवड्या थापल्या होत्या. पुण्याच्या पाहुण्यांनी मासवडीत मासा नसतो या विषयावर एकमेकांचं मनोरंजन केलं, आणि बोटं चाटून जेवले.

जेवणानंतर भाषणं झाली. मंडळाचे अध्यक्ष उभे राहिले आणि फेटा बांधलेल्या मालकाच्या देखत म्हणाले, “हे घर आता कुणा एकाचं राहिलेलं नाही. शासनाने ते ताब्यात घेऊन स्मारक करावं, असा ठराव आपण आज टाळ्यांच्या गजरात मंजूर करू या.” टाळ्यांचा गजर झाला. “खालच्या मजल्यावरची खानावळ अन्यत्र हलवून तिथे कायमचं प्रदर्शन भरवता येईल.” पुन्हा टाळ्या.

मी मांडवाच्या मागच्या बाजूला आईजवळ उभी होते. तिच्या हातात रश्श्याची पळी होती. तिने मला विचारलं, “अन्यत्र म्हंजी कुठं?” मी मालकाकडे बघितलं तर त्याचा चेहरा विटेसारखा लाल झाला होता. मांडीवरच्या नारळावर त्याने अशी मूठ आवळली होती, की आता तो अध्यक्षांच्या टाळक्यात फुटतो असं मला वाटलं. फुटला असता तर बरं झालं असतं.

मांडवाबाहेर येताच मालकाने फेटा काढून रस्त्यावर आपटला. “माज्याच दारात मला शाल घालून माजंच घर लाटत्यात? सरकारचा कागूद यायच्या आत हितं वीट ठिवनार न्हाई!” मंडळाने घर वाचवायला मुहूर्त काढला आणि त्याच मुहूर्तावर घराचं मरण ठरवलं. वर्षानुवर्षं जे घर पाडायचं मालकाच्या मनातही नव्हतं, ते आता त्याला उद्या पाडायचं होतं.

आईने वकिलाला विचारलं. त्याने मान हलवत सांगितलं, की घर उभं आहे तोवर तुम्हाला कुणी उठवू शकत नाही, पण घर पडलं तर भांडायचं कशासाठी? कोर्टात वर्षं जातील. आई परत आली, पदर खोचला आणि म्हणाली, “मंग पडू द्यायचं न्हाई.”

त्यानंतर सुरू झाली ती मारामारी. मालकाचा पुतण्या म्हणजे बोलेरो, गळ्यात जाड साखळी आणि तोंडात सतत काकाचं नाव. त्याने पहिल्यांदा आमचा नळ तोडला. मग वीज. मग भर जेवणाच्या वेळी चार-पाच पोरं घेऊन आला आणि त्यांनी टेबलं उलथी पाडायला सुरुवात केली. दोन ड्रायव्हर पहिल्या घासाला बसले होते. भुकेलेल्या माणसाचं ताट लाथाडलं की काय होतं, हे त्या पोरांना माहीत नव्हतं. ड्रायव्हरांनी स्टीलची ताटं उचलली आणि कडेने हाणायला लागले. एका पोराच्या कानशिलावर बसलं, दुसऱ्याचं नाक फुटलं. मी तापलेला तवा सांडशीत धरून पुतण्याच्या अंगावर गेले. तो पाठ फिरवून पळाला आणि मोरीत घसरून पडला. पडल्यावर मी त्याला तवा लावला नाही, लाथ मारली. बाहेर जाताना पोरांनी दगड मारून कौलं फोडली. एक कौल माझ्या खांद्यावर पडलं, तो खांदा थंडीत अजून दुखतो.

पोलीस आले. त्यांनी दोन्हीकडच्यांना बसवून ठेवलं आणि समजुतीने घ्या म्हणून सांगितलं. आईने साहेबाला विचारलं, “समजूत कुनी कुनाची घालायची, त्येबी सांगा की राव.” साहेब हसला आणि त्याने आम्हाला सोडलं.

दांडगाईने जमेना, तेव्हा मालकाने रीतसर काम द्यायचं ठरवलं. जुनी घरं उतरवणारी एक टोळी होती. घर पाडणं वेगळं आणि उतरवणं वेगळं. उतरवणारे वरून सुरू करतात, कौल, वासे, तुळया, खांब सगळं अखंड खाली घेतात, कारण जुन्या सागवानाला भाव असतो. ही टोळी आईच्याच डोंगरपट्ट्यातली. धरणाचं पाणी चढायला लागलं तेव्हा त्या लोकांनी आपापली घरं आपल्याच हातांनी उतरवली होती आणि लाकूड डोक्यावरून वरच्या अंगाला नेलं होतं. तिथे ते हे काम शिकले आणि नंतर पोटासाठी दुसऱ्यांची घरं उतरवायला लागले.

मुकादम आला तो कौलांकडे न बघता सरळ आमच्या स्वयंपाकघरात आला. चुलीवर हात धरला. हाताला ऊब लागली तशी त्याने टोपी सारखी केली आणि मालकाकडे वळला.

“मालक, चूल पेटती हाय.”

“मंग? इझव की!”

“तसं न्हाई व्हत. जिची चूल तिनं आपल्या हातानं गार करायची. तवर आमी कौल काढीत न्हाई.”

धरणाच्या वेळी त्यांच्याकडे असंच झालं होतं. घरची बाई चुलीवर तांब्याने पाणी ओतायची, मग पुरुष वर चढायचे. तिच्या हाताने चूल गार झाली नाही आणि घराला हात लावला, तर ते लाकूड पुढच्या घराला लाभत नाही, अशी त्यांची समजूत. मालकाने आरडाओरडा केला, जास्त मजुरीचं आमिष दाखवलं. मुकादम म्हणाला, “पैशाचं न्हाई वो. बाईची ओटी भरा, तिला राजी करा, आमी हाईच.” आणि टोळी निघून गेली.

आईला हे सगळं आधीपासून माहीत होतं. टोळी दारात दिसली तेव्हाच तिने चुलीत दोन लाकडं जास्त सारली होती. त्या दिवसापासून आमची चूल विझली नाही. जेवणं आटोपली, की निखारे राखेत पुरायचे, पुन्हा फुंकून काढायचे. आई घराबाहेर पडेनाशी झाली. दर चतुर्थीला लेण्याद्रीच्या पायऱ्या चढणारी बाई, तिने गणपतीलाही सांगून टाकलं, की तुझं तू बघ, मला इथे काम आहे.

मग मालकाची बायको ओटी घेऊन आली. हे मी कधी विसरणार नाही. आई विधवा. पेठेतल्या कुठल्याही हळदीकुंकवाला तिला बोलावणं नसायचं. संक्रांतीचं वाण आमच्या दारावरून पुढे जायचं. याच मालकिणीने एकदा आई समोर आली म्हणून बोलेरो थांबवून मागे घ्यायला लावली होती. आणि आता ती खण, नारळ, तांदूळ घेऊन विधवेची ओटी भरायला दारात उभी! सबंध पेठ बघायला गोळा झाली.  घर मोकळं होणार म्हटल्यावर शास्त्र गुंडाळून ठेवता येतं, हे मी त्या दिवशी शिकले.

आईने पदर पसरला. ओटी घेतली. नारळ हातात तोलून बघितला.

“वैनी, आता चूल...” मालकीण म्हणाली.

“ओटीला नगं म्हनू ने, म्हनून घेतली,” आई म्हणाली. “चूल माजी हाय.”

आणि त्याच नारळाची चटणी वाटून तिने त्या दुपारी सगळ्यांना वाढली. मी आयुष्यात इतकं पोट भरून कधी जेवले नाही.

साहित्यप्रेमी मंडळ या सगळ्या दिवसांत काय करत होतं? ते ठरावाच्या नकला वरपर्यंत पाठवत होतं. अध्यक्ष एकदा येऊन आईला म्हणाले, “तुम्ही धीर धरा. हा लढा आपल्या सर्वांचा आहे. स्मारक झालं, की तुमची दुसरीकडे सोय बघू.” आईने त्यांना विचारलं, जेवणार का. ते नको म्हणाले. “मंग गिऱ्हाईकाची जागा आडवू नका,” ती म्हणाली.

आणि मग जेसीबी आला.

सकाळची वेळ होती. आई डब्यांच्या भाकऱ्या थापत होती. मी बाहेर पाणी आणायला गेले होते, कारण नळ अजून तुटलेलाच होता. गल्लीच्या तोंडाशी धडधड ऐकू आली. पिवळा जेसीबी, पुढे पुतण्याची बोलेरो, आणि मागे टेम्पोत मुकादमाची टोळी. टोळीला पुतण्याने सांगितलं होतं, की बाईने ओटी घेतली, ती राजी आहे, यंत्राने पाडून झाल्यावर लाकूड वेचायला चला. जेसीबी चालवणारा परमुलखातला पोरगा होता. त्याला कादंबरीकाराशी देणंघेणं नव्हतं आणि चुलीशीही नव्हतं.

मी घागर टाकली आणि पळत जाऊन यंत्रापुढे उभी राहिले. पुतण्याने मागून माझे केस धरले. मी त्याच्या मनगटाला असा चावा घेतला, की तोंडात रक्ताची खारट चव आली. त्याने मला थोबाडीत मारून भिंतीवर ढकललं. मी रस्त्यातला दगड उचलून जेसीबीच्या काचेवर मारला. काच तडकली, पोरगा घाबरला, पण पुतण्या ओरडला, “बघतो काय, घाल!” आणि त्या लोखंडी दातांनी वरच्या मजल्याची भिंत धरली.

वरच्यांची खोली पहिल्यांदा गेली. मातीची भिंत, त्यात कोनाडा, खिडकी, सगळं एका ओढीत रस्त्यावर आलं. फलक धाडकन खाली पडला. धुळीने गल्ली भरली. बायका ओरडत होत्या, “आत बाई हाय, आत बाई हाय!” यंत्राच्या आवाजात ते कुणाला ऐकू जाणार? जेसीबी पुन्हा मागे सरकला आणि पुन्हा घुसला.

एवढ्यात मालक मोटारसायकलवर आला. त्याने पुतण्याला फक्त पुढची खिडकी पाडून धाक घालायला सांगितलं होतं, असं नंतर तो म्हणायचा. खरं खोटं त्याचं त्याला माहीत. पण आई बाहेर आलेली नाही हे कळल्यावर त्याचा रंग उडाला एवढं मी डोळ्यांनी पाहिलं. “थांबवा रं!” ओरडत तो धुळीत आत शिरला. मी त्याच्या मागे.

आई चुलीपुढे बसली होती. तव्यावर भाकरी होती. केसांवर, खांद्यांवर माती, आणि ती भाकरी उलटत होती.

“वैनी, उठा!”

“चूल पेटती हाय.”

“आवो, वरनं तुळई येतीया!”

“येऊ द्या. तुमचीच हाय.”

मी तिचा हात ओढला. तिने मला दुसऱ्या हाताने ढकललं, असं की मी परातीवर आपटले. तेव्हा मालकाने जे केलं त्याची मला अजून उकल होत नाही. तो आईसमोर मांडी घालून खाली बसला. “बाईचं पाप माज्या डोस्क्यावं नगं,” तो म्हणाला. “तुमी उठत न्हाई तवर मी बी उठत न्हाई.” त्याच्या आवाजात माया नव्हती. भीती होती, हट्ट होता. हट्टाला हट्ट भेटला होता, दोघं तिथे बसले, आणि मी दोघांच्या नावाने किंचाळत होते.

तुळईने आवाज केला. जाड लाकूड मोडतं तेव्हा आधी कण्हल्यासारखं होतं. तिचं एक टोक सुटलं आणि मालकाच्या खांद्यावर उतरलं. तो पुढे पालथा पडला. पाठोपाठ वाशांचा ढीग आला. सुकं, शे-दीडशे वर्षांचं लाकूड थेट चुलीत पडलं आणि भडकलं. मालकाच्या धोतराने पेट घेतला. खांद्यावर तुळई, त्याला हलता येईना. तो ढोरासारखा ओरडला. बाहेर माझं ऐकलं नाही ते यंत्र त्याच्या ओरडण्याने थांबलं असावं, कारण एकदम शांत झालं.

आई उठली. कोपऱ्यातला पाण्याने भरलेला हंडा तिने दोन्ही हातांनी उचलला. क्षणभर थांबली. ते थांबणं मी पाहिलंय. मग तिने सगळा हंडा चुलीवर आणि मालकाच्या अंगावर ओतला. चर्र झालं, राख उसळली, आणि स्वयंपाकघर वाफेने भरून गेलं.

आम्ही दोघींनी तुळई पहारीने उचलली, मालकाला ओढत बाहेर काढलं. त्याची पिंढरी भाजली होती, खांद्याचं हाड मोडलं होतं. पुतण्या आता लहान पोरासारखा काका काका करत रडत होता. मालकाने चांगल्या हाताने त्याच्या मुस्काटात मारली आणि मग त्याची शुद्ध गेली.

आई पायरीवर उभी होती. कोपरापर्यंत हात राखेने माखलेले, ओले. मुकादम गर्दीतून पुढे आला. त्याने तिच्या हातांकडे बघितलं, मग आत डोकावून चुलीकडे बघितलं. टोपी काढली, तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि मागे वळून माणसांना म्हणाला, “चूल गार झाली. चढा.”

आणि ते चढले. मी शिव्या दिल्या, विटा फेकल्या. एकाला लागली. तो कपाळ पुसून पुन्हा कौलं उतरवायला लागला. त्यांच्या लेखी बाईने आपल्या हाताने चूल गार केली होती, आता त्यात वावगं काहीच नव्हतं. आई मला म्हणाली, “त्येन्ला कशाला मारतीस? त्येंचं बराबर हाय.” संध्याकाळपर्यंत घर खाली आलं होतं. त्या वेळी कुणीतरी फोटो काढला, त्यात तिचा तो पाय.

दुसऱ्या दिवशी मंडळ काळ्या फिती लावून ढिगाऱ्यावर निषेध सभा घ्यायला आलं. सतरंजी, माईक, सगळं. आम्ही समोरच्या ओसरीवर बोचकी घेऊन बसलो होतो. अध्यक्ष गहिवरून म्हणाले, “काल आपल्या साहित्याचं छप्पर गेलं.” मग आईकडे हात करून म्हणाले, “त्या अजरामर कादंबरीतली सोशिक माउली आज आपल्यात आहे, तिच्या डोळ्यांतलं पाणी...” आईच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता. मी उठले. ढिगाऱ्यात फलकाचा मोठा तुकडा पडला होता, तो त्यांनी पुसून टेबलावर ठेवला होता. तो मी दोन्ही हातांनी उचलला आणि अध्यक्षांच्या पायांपुढे दगडावर आपटला. बारीक तुकडे झाले. एक उडून त्यांच्या गालाला लागला. “आमचं छप्पर गेलं!” मी ओरडले. “आमचं!” त्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही. गालाला लागलं होतं थोडंसं, बरं झालं असेल.

आम्ही कुकडीच्या काठाला एक खोली घेतली. काही महिन्यांनी मालक आला. खांदा एका बाजूला झुकला होता, तो तसाच राहिला. जुन्या जागेवर आता दुकानांची इमारत उठत होती. त्यातला पुढचा गाळा त्याने आईच्या खानावळीसाठी राखला होता. गॅसची भट्टी बसवली होती, ओटा बांधला होता. तो म्हणाला, “वैनी, तुमी जीव वाचीवला. तुमच्या हातानं पेटवा, मंगच इमारतीत दुसरं दुकान उघडंल.”

आम्ही गेलो. आईने ओट्यावरून हात फिरवला. ओटा चांगला होता. मी काडेपेटी तिच्या हातात दिली. तिने ती परत माझ्या हातात ठेवली.

“तू पेटव.”

“तू का नाही?”

“मी न्हाई पेटवनार आता.”

मला वाटलं, मालकावरचा राग आहे. तो बाहेर गेल्यावर मी म्हटलं, की अगं, राग त्याच्यावर काढ, चुलीवर कशाला, त्यानेच विझवायला लावली ना? 

“त्येनं इझवली आसती,” ती म्हणाली, “तर त्येच्या छातीवं पेटवली आसती मी. मी इझवली. माज्या हातानं.”

भट्टी मी पेटवली. खानावळ मी चालवली, अजून चालवते. आई पुढे पुष्कळ वर्षं जगली. सकाळी येऊन गल्ल्यामागच्या खुर्चीवर बसायची, दुपारी मी वाढलेलं जेवायची. कच्चं असो, करपलेलं असो, कधी नाव ठेवलं नाही. मी मुद्दाम वाईट रांधून बघितलं. गिऱ्हाईकं कुरकुरली, एकाने तर वाटी आपटली. आई शांतपणे घास गिळत राहिली, मान खाली घालून. मी तिच्यासमोर जेवायला बसून ओरडले, की भांड ना माझ्याशी, शिव्या दे, पळी घे हातात. तिने पदराच्या टोकाने तोंड पुसलं आणि माझं ताट रिकामं झालेलं बघून भाकरी पुढे सरकवली.